दुसरा काठ

दर शनिवारी सहाला, अमळनेरात,
तेलघाणीच्या वरच्या खोलीत
आमचं मंडळ भरतं.
सतरंजीला पेंडीचा वास,
सभासद नऊ, हजर बहुधा पाच,
आणि मी, इतिवृत्त लिहिणारा.

नेहेते सर, भौतिकशास्त्राचे, निवृत्त.
खिशात नादकाटा.
गुडघ्यावर आपटतात, कानाशी धरतात,
आणि पावरीचा पाचवा सूर
धड कोमल नाही, धड तीव्र नाही, हे
डॉक्टरने नातेवाइकांना सांगावं तसं सांगतात.

सलीम पिंजारी टेपा दुरुस्त करतो.
त्याच्या आजोबांची कापूस पिंजायची धनुकली
अजून खुंटीला आहे.
तिची तुंऽय तुंऽय संगीतात धरायची की धंद्यात,
यावर दोन बैठका गेल्या.
निर्णय : पुढील बैठकीत.

रमशा पावरा धडगावहून येतो, एसटी मिळाली तर.
वहीतलं ढोलाचं चित्र बघून म्हणाला,
निजवून ठेवलाय तुम्ही त्याला.

आणि देवरेबाई.
बारा वर्षं कार्डं लिहितात :
गाणं, गाव, प्रसंग, गायिका.
बोलत नाहीत. शाई मात्र कधी सांडली नाही.

तर आखाजीचं.
खैरपाड्याच्या गौराईची गाणी
आमच्याकडे एकोणीस टेपांवर आहेत,
आणि प्रत्येक टेपेवर कडव्यामागे एक भोक.
बाया गातात. थांबतात. परत गातात.
सरांनी ते थांबणं घड्याळ लावून मोजलं,
त्याला 'विरामचिन्ह क्रमांक तीन' असं नाव दिलं.

धुरपदाबाई टेप ऐकून हसली.
दात नव्हते, हसू भरपूर.
आरं, तो काय इराम शे?
ती तठल्या बायास्नी पाळी शे.
पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया,
त्यांनी शिवी झेलायची, वरचढ परत करायची,
मधे बोरी. मग दगड. मग गौर बुडवायची.
आता तठे कोणी येत नाही.
आम्ही आपलं थांबतो, तेवढ्यापुरतं.

त्या वर्षी आम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलो.
वैशाखातली नदी, एक डोह, बाकी वाळू.
सरांच्या कानांना हेडफोन,
सलीमच्या हातात बांबूला बांधलेला माइक.
समोर सात बाया. धुरपदाबाईनं पदर खोचला :

कानले लाया डबा, धल्या, वारा काय तू मोजस रे,
घर तुन्हा चुल्हा निजना, आठे तू काय शोधस रे!

सरांनी सवयीने घड्याळ बघितलं.
एक, दोन, तीन.
चारला माझ्या बाजूने आवाज आला,
भसाडा, गंजलेला,
पहिल्या शब्दावर घसरला, दुसऱ्यावर उभा राहिला :

मोजू दे तेले, तुले काय वं, तुन्हं गाव तरी काय देस,
बारा सालथीन गौर तुमनी एकलीच पानीमा जास!

देवरेबाई.
चप्पल काढून वाळूत उभ्या, पर्स काखेत.
माहेर कुठलं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

समोर काही क्षण कोणीच हललं नाही.
मग सातही बाया एकदम ओरडल्या,
आणि पुढची वीस मिनिटं
त्यात आमच्या सगळ्यांचा, वडिलांसकट, उद्धार झाला.

शनिवारी वाद.
सर म्हणाले, अभ्यासकाने सामग्रीत पडू नये.
दुसरी ओळ परंपरेतली नाही, तिथल्या तिथे जुळवलेली आहे.
रमशा म्हणाला, मग पहिली कोणी कुठे जुळवली होती?
सलीमने टेप मागे घेतली, पुढे घेतली.
देवरेबाई कार्ड लिहीत होत्या.
गायिकेच्या रकान्याशी टाक थांबला.
मी घड्याळ बघितलं नाही.

टेपेवर शेवटी एक 'टप' ऐकू येतं.
पाण्यात काहीतरी पडल्याचं.
सरांच्या मते माइकचा दोष,
सलीमच्या मते माइकला दोष देणाऱ्याचा.
दगड आमच्या काठावरून गेला होता.
कोणी मारला, ते इतिवृत्तात नाही.
माझ्या उजव्या तळव्याला
रात्रीपर्यंत नदीचा वास होता.