आदगोंडाचे आकडे

सांगलीच्या आमराईत, मागच्या बाकावर
आधी दुखणी निघतात, मग थर्मास.
"काय म्हणतोय गुडघा?"
"गुडघा काय म्हणणार, मीच बोलतोय त्याच्याशी रातभर."
हा दस्तगीर. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं,
आता कवळी घातली की फुंक निसटते,
काढली की गाल.

मल्लय्याला रात्री चारदा उठावं लागतं.
म्हणतो, "गल्लीत चोर येत न्हाईत,
त्याचं श्रेय मला कोण देत न्हाई."

माझी टपालाची पिशवी सुटली, टाच सुटली नाही.
सकाळी पहिलं पाऊल टेकताना
खालून कुणीतरी खिळा ठोकतं.
सगळ्यांचं सांगून झालं:
गरम विटेवर रुईचं पान, तिळाचं तेल,
बर्फाची बाटली पायाखाली लाटणं.
करुणाबाई मिरजेला पस्तीस वर्षं सिस्टर होत्या.
सगळं ऐकून घेतात, आणि म्हणतात,
"चपला बदला."

मी चपला बदलल्या. रुईचं पानही बांधलं.
कशानं उतार पडला
ते दोन्ही पक्षांना कळू दिलेलं नाही.

पण आमचं खरं बोलणं आकड्यांत.
जेवणाआधी एकशे अठरा. जेवणानंतरचं विचारू नको.
वरचं एकशे पन्नास, खालचं पंच्याण्णव.
आदगोंडा चौगुले मान खाली घालून ऐकायचा
आणि सौद्यात दर फोडावा तसा निकाल द्यायचा:
"जास्ती हाय. उद्यापासनं भात बंद."
हळदीच्या पेठेत तोलार होता तो.
पोतं नुसतं हलवून वजन सांगायचा,
काटा मागनं यायचा.
काम सुटल्यावरही वर्षभर
नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

त्याचा स्वतःचा आकडा
आम्ही कधी विचारला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी
उजव्या हातातला कप आपोआप खाली गेला.
मिरजेला अकरा दिवस.
घरी आला तेव्हा चेहरा तोच,
फक्त एका पारड्यात थोडं जास्त पडलेलं.
आणि शब्द गेलेले.
बायकोचं नाव गेलं. पाणी गेलं. नको गेलं.
राहिले ते आकडे.
तहान लागली की "अठ्ठावन्न."
सुनेनं डोळ्याला पदर लावला की
"साडेसत्तेचाळीस, साडेसत्तेचाळीस,"
हळू, समजूत काढल्यासारखं.
करुणाबाई म्हणाल्या, होतं असं. वेळ लागतो.
बोलत राहा त्याच्याशी.

फाल्गुनात पोरानं त्याला रिक्षातनं आणलं.
चार पायांची काठी, बटणं एक घर चुकलेली.
आम्ही गप्प.
गप्प बसायची आम्हाला सवय नाही.
शेवटी मल्लय्यानं विचारलं, नेहमीसारखं, वर न बघता,
"किती?"
आदगोंडाचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.
"एकशे बावीस."
"बेस. माझी एकशे सत्तर."
"एकशे सत्तर?"
त्या आकड्यात भात बंद होता, एक शिवी होती,
आणि रात्री लाडू कुणी दिला, हेही विचारलेलं होतं.
दस्तगीर असा हसला
की कवळी हातात घ्यावी लागली.

आता रोज तो उजव्या हातानं एक पिशवी उचलतो,
करुणाबाईंनी वाळू भरून शिवलेली.
दहादा वर, दहादा खाली. सातव्यांदा बोटं थरथरतात,
तेव्हा आम्ही सगळे दुसरीकडं बघतो.

काल मी तिच्यात गुपचूप मूठभर वाळू वाढवली.
त्यानं उचलली. थांबला. माझ्याकडं पाहिलं.
"पाऊणशे," म्हणाला.
मग ओठ बराच वेळ नुसते हलले,
अडकलेलं पोतं दोघांनी ओढावं तसे.
"जास्ती."

येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडं
ती वाढीव वाळू तोलून घेतली. ऐंशी ग्रॅम भरली.
त्याच्या काट्यात
पाच ग्रॅमची चूक आहे.