चिमूटभर साखर

आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत.
घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात,
तीही नसली तर दोन लवंगा.
आईनं हे शिकवलं नव्हतं,
नुसतं करताना पाहिलं होतं.

त्या वर्षी शेफील्डला, वॉकलीच्या चढावरच्या घरात
माझ्या ओट्यावर एकोणीस डबे साठले.
झाकणांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या:
'आमटी, तिखट कमी'
'गुरुवारचं, बिनकांद्याचं'
एकावर नुसतंच 'खा'.
ते अक्षर कुणाचं, अजून कळलेलं नाही.

शाल्मली सहा वर्षांची,
तिचं रक्त आपल्याच घरावर उलटलेलं.
वॉर्डात रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा सांगत
आणि मी त्या आकड्याला हात जोडायची.
खरं सांगते, देवाआधी.

बोडसकाकूंनी गणपतीतला मोदक पाठवला.
नर्स म्हणाली, बाहेरचं तिला काही चालणार नाही.
प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.
मटारच्या पिशवीमागे, फ्रीझरमध्ये ठेवला,
देवाला म्हटलं, जरा थांब.

शेजारची डोरीन तिच्या चॅपलमध्ये
आजाऱ्यांच्या यादीत नाव घालून आली.
पाद्रीबुवांच्या तोंडी शाल्मलीचं शॅमली झालं,
मग शर्ली.
चाळीस म्हाताऱ्या माणसांनी सबंध हिवाळा
कुण्या शर्लीसाठी डोळे मिटले.
चिपळूणहून सासूबाईंनी विचारलं, पोचत असेल का गं?
आणि त्यांनीच ठरवून टाकलं,
पोस्टमन ओळखीचा असला
की चुकल्या पत्त्याचं पत्रही पोचतं.

जानेवारीत बर्फ पडला त्या रात्री ताप चढला.
अडतीस पॉइंट दोन. अडतीसच्या वर थांबायचं नसतं.
गाडी चढावर हलेना.
समोरच्या खिडकीत दिवा लागला, मग शेजारच्या,
पायजम्यावर कोट चढवलेली माणसं फावडी घेऊन आली,
कुणी मांजराच्या पेटीतली वाळू
चाकांखाली ओतली.
बोललं कुणीच नाही.
श्रीरंग, नावापुरताच श्रीरंग, आयुष्यात उदबत्ती न लावलेला,
स्टिअरिंगवर कपाळ टेकून काहीतरी पुटपुटला.
काय, ते मी विचारलं नाही.
अजूनही नाही.

पलीकडच्या खाटेवर टोबी असायचा.
त्याची आई लॉरेन रोज एक मेणबत्ती लावायची,
बॅटरीवरची,
वॉर्डात ज्योत चालत नाही म्हणून.
एका सोमवारी तिनं निळा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला,
आल्याची बिस्किटं.
'तुम्ही संपवा, त्याला आता जात नाहीत.'
मंगळवारी खाट आवरलेली होती.
चादर ताठ.

लोक म्हणतात, तुमची श्रद्धा फळाला आली.
मी हसते, मी त्यांचं अन्न खाल्लंय.
पण मग लॉरेनची कुठे गेली?
देव्हाऱ्यापुढे विचारते. उत्तर येत नाही.
तरी निरांजन लावते,
हात सवयीनं वात वळतात.

शाल्मलीचे केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे.
तो मोदक वाफवून दिला तेव्हा म्हणाली, रबर आहे हे,
आणि सगळा खाल्ला.
अठरा डबे परत गेले, कशात वड्या, कशात चिवडा.
'खा'वाला आता हिल्सबरोतल्या एका घरी जातो-येतो,
त्यांचा मुलगा नुकताच दाखल झालाय.
पट्टी मी बदललेली नाही.

निळा डबा धुऊन ठेवलाय.
दोनदा लॉरेनच्या फाटकापर्यंत जाऊन आले.
साखर घातली, काढली.
तिच्या दारात गोड कसं न्यावं?
लवंगाही घालून पाहिल्या, वास नको झाला.

येत्या मंगळवारी रिकामाच नेणार आहे.
ती झाकण उघडेल,
आणि आम्ही दोघी
आत बघू.