निळ्या रंगाचे दोन हात

बाबांनी डबा उघडला, काडीने ढवळला,
म्हणाले, व्हर्ना, दोन हात मार. नीट.
मी सोळाची. न्यूफाउंडलंडचा जून,
खाडीत अजून बर्फाचे चुकार तुकडे,
आणि आमची बोट शेडमागे ठोकळ्यांवर,
चौथं वर्ष.

कण्याजवळ जुना रंग खरवडताना
आधी पोपडा निघाला, मग लाकूडच.
मी स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला.
मुठीपर्यंत गेला, जसा ताज्या पावात जावा.
बाबा, म्हटलं.
ते वाकले. बघितलं. पुट्टी आणली,
स्वतःच्या बोटांनी भरली, अंगठ्यानं सारखी केली,
माझ्या फुटल्या गुडघ्याला मलम लावायचे
अगदी तसं.
वाळल्यावर म्हणाले, मार आता.

शनिवारी गार्लंड स्ट्रिकलंड आला.
नवं लग्न, खेकड्यांचं नवं लायसन, बँकेचं कर्ज.
भोवती एक फेरी मारली,
टिचकी वाजवली ती नेमकी ठणठणीत फळीवर.
"अँब्रोज, पाणी घेते का रे ही?"
बाबा हसले.
"चार वर्षांत थेंब आला नाही आत."

खरं होतं.
अक्षर न् अक्षर खरं.
ठोकळ्यांवरच्या बोटीत पाणी येणार कुठून?

आई चहा ओतत होती. धार तुटली,
पुन्हा लागली.
मी नखांतला निळा काढत बसले.
कलम सहा: आहे तशी, आहे तिथे.
साक्षीदार म्हणून आईची सही,
शाळेत शिकवल्यासारखी, वळणदार.

ऑगस्टमध्ये तो गुडघाभर पाण्यातून
पंप मारत मारत परतला.
किनाऱ्यावर कुणाशी बोलला नाही.
थेट वकिलाकडे गेला.

ग्रँड बँकच्या कोर्टात हीटर खडखडत होता.
बाबांचा वकील म्हणाला, सगळं उघड्यावर होतं,
यानं बघून घ्यायचं होतं.
विकणाऱ्यानं आपणहून दोष सांगत सुटावं
असं कायदा म्हणत नाही.
मला वाटलं, सुटलो.

"मग तुम्ही तपासलं का नाही?"
गार्लंड टोपी चुरगाळत म्हणाला,
"विचारलं होतं ना मी.
उत्तर मिळालं. म्हणून वाकलो नाही."

न्यायाधीश नोजवर्दीबाईंना सर्दी होती.
नाक पुसून म्हणाल्या, हे गप्प राहिले असते
तर गोष्ट वेगळी होती.
पण हे बोलले, आणि जेवढं बोलले
तेवढ्यानं उरलेलं झाकलं.

मग मला बोलावलं.
रंगाखाली काय होतं?
पाणी कुठं मुरतंय ते मला वितीनं मोजून माहीत होतं:
कण्यापासून दीड वीत, उजवीकडे.
"पुट्टी," म्हटलं.
वडिलांना ठाऊक होतं?
बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते,
बंद पंख्याकडे.
"मीच दाखवलं होतं."
टाइपरायटरनं तेवढे शब्द घेतले आणि थांबला.
तोवर ती चूक ठरू शकली असती.

करार रद्द. जणू झालाच नव्हता,
असं निकालात लिहिलंय, कागद माझ्याकडे आहे.
बोट परत आली ट्रेलरवरून, तशीच निळी.
पैसे परत करायचे तर ते केव्हाच
आमच्या छपरावर खिळ्यांनी ठोकलेले.
आईनं माशांच्या कारखान्यात दोन हिवाळे जास्त काढले.
बाबा मला कधी काही बोलले नाहीत.
तेरा वर्षं. जेवताना मीठ मागायचे, एवढंच.

आता घर विकायला काढलंय.
एजंटनं फॉर्म दिला: ज्ञात दोष असल्यास लिहावेत.
तिसरी पायरी. मागच्या खोलीत ओल.
पूर्वेचा वारा सुटला की धुरांडं उलटं ओढतं.
मागचं पान भरलं, मी आणखी एक कागद मागितला.
बाई, इतकं कुणी लिहीत नाही, ती म्हणाली.

छपराच्या ओळीशी पेन अडलंय.
गळत नाही ते. एक थेंब नाही.
हे वाक्य लिहावं की नाही
कळत नाही.