चार नंबरची गाडी

पिवळी मारबत जळाली, त्याच्या चौथ्या दिवशी
सात गाड्या माझ्या वर्कशॉपसमोर रांगेत लागल्या,
कामठी रोडवर, पंक्चरवाल्या गेडामपासून थेट रसवंतीपर्यंत.
महिन्यापूर्वी झिरो माइलपाशी नारळ फोडून गेल्या होत्या
काचांवर एक ते सात आकडे चिकटवून,
हातात वॉकीटॉकी, डिकीत संत्राबर्फी.
ऑइल मीच बदललं होतं. म्हणालो होतो,
उतारावर ब्रेकवर बसू नका बाप्पा, गिअरवर उतरा.
सगळ्यांनी मान हलवली,
मान हलवायला काय जातं.

मी घाट पाहिला तो रामटेकच्या गडाचा.
त्याहून उंच काही चढलेलो नाही.
पण गाडी खोटं बोलत नाही,
खाली शिरलं की सगळं सांगते.

मडगार्डातला चिखल तीन रंगांचा.
बाहेरचा काळा, तो आपल्याच हायवेचा,
मधला राखाडी,
आणि आत, पत्र्याला धरून, एक फिकट पीठ.
पोरगा म्हणाला, सेठ, हे तर खडूसारखं आहे.
पाणी मारलं.
खिंडी नालीतून वाहून गेल्या.

दोन नंबर बोकडे साहेबांची.
पॅड जळून काच झालेले, डिस्कवर निळी झाक,
म्हणजे उतारभर पाय ब्रेकवर.
पाच नंबरचा क्लच गेलेला;
चढावर अर्ध्यात उभी राहिली असणार,
मागच्यांनी हॉर्न दिले असणार,
तिथं हॉर्न कसा वाजतो कोण जाणे.
सहाच्या टायरात बोराएवढा दगड.
काढून तळहातावर घेतला तर थंड लागला.
दुपारी दोनला, नागपुरात. लागला एवढं खरं.

चार नंबर निमजेंची.
हिचे पॅड मी बसवले तसेच.
पुन्हा पाहिले, बॅटरी मारून पाहिले,
तसेच.
मग दार उघडलं.
सीट पुढे ओढलेली, शेवटच्या खाचेपर्यंत,
आरसा खाली वाकवलेला,
पाठीला उशी, क्रोशाच्या खोळीची.
हेमराजभाऊ निमजे सहा फूट. त्यांचे गुडघे इथं मावणार नाहीत.
प्रमिलाताई गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर असतात.
भाऊंसोबत येतात तेव्हा मागच्या सीटवर,
मांडीवर डबा,
आणि विचारतात, चहा झाला का?
बस, एवढंच.

त्या सीटवर मी बसून पाहिलं, गुडघे पोटाशी घेऊन.
दाराच्या खणात पाण्याची बाटली,
रिकामी, झाकण घट्ट,
मुठीत आवळल्यासारखी पिचकलेली.
पोरगा म्हणाला, फेकू?
थांब बे.
वर कुठंतरी शेवटचा घोट घेऊन तिनं झाकण लावलं,
तिथली विरळ हवा आत राहिली,
आणि गाडी उतरत आली तशी
आपली जाड हवा तिला चहूबाजूंनी दाबत आली,
पार कामठी रोडपर्यंत.
झाकण फिरवलं.
बाहेर काही आलं नाही.
आतच गेलं: डिझेल, ग्रीस,
समोरच्या टपरीवरच्या तर्रीचा वास.
बाटलीनं टक्क केलं आणि ताठ झाली.

संध्याकाळी हेमराजभाऊ आले.
चहा पाजला. बोलू दिलं.
अकरा खिंडी म्हणाले, एका बाजूला भिंत,
दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं खाली.
सगळ्या आपणच मारल्या भाऊ.
ही तर डोळे मिटून बसली होती.
मी म्हणालो, ब्रेक मस्त जपले.
त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली.
बराच वेळ केली.

बिल दिलं, दार उघडलं,
आणि उभेच राहिले.
सीट मी हलवली नव्हती,
धुतानाही नाही.
खालची दांडी ओढली की सरकते मागं,
त्यांना माहीत आहे, त्यांचीच गाडी.
एक हात दारावर, चावी दुसऱ्यात,
मागं ट्रक गेले चार-पाच.
मग त्यांनी फोन लावला.

ऐक ना. रिक्षा करून ये.
हो, गाडी झाली.
नाही, मी ठीक आहे. तू ये.
आणि येताना चष्मा आण, तुझा.