एक, तीन, चार, दोन

बस्त्याव मेस्त्रीला आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनांवर ओणवून
दोन्ही कान वेंगुर्ल्याच्या बंदरात सोडले,
असं तोच सांगतो, आणि हसतो,
आणि समोरचा काय म्हणाला ते न कळल्यामुळे
आणखी थोडा वेळ हसत राहतो.

माझी मॉरिस, सन बावन्नची,
बारा वर्षं कुणाच्या तरी मांगरात उभी होती.
सीटच्या काथ्यात उंदरांचा संसार,
डिकीत चुडताचा एक झाप, अर्धा विणलेला.
सुरू झाली हेच खूप. पण मठच्या चढाला
वाक्य मध्येच विसरल्यासारखी थांबते.

मेस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर दिला.
टोक इंजिनाच्या हेडवर, मूठ माझ्या कानामागच्या हाडावर.
"काय म्हणता ती?"
मी पाटीवर लिहिलं : टक टक.
त्याने पुसलं. "कसली टकटक?
सुपारी अडकित्त्यात, की आठळी डब्यात?"
पुन्हा कान लावला.
आठळी नव्हे. सुपारीही नव्हे.
ओढून ठेवलेल्या होडीच्या तळाशी
खेकडा फिरतो ना, तसं.
हे लिहिताना मला लाज वाटली.
त्याने दोनदा वाचलं. "मग टॅपेट न्हय."

मग एकेका प्लगची वायर उपटत गेला,
डावा तळवा मडगार्डवर पालथा.
पहिली काढली, गाडी लंगडली.
दुसरी काढली, लंगडली.
तिसरी काढली आणि काही झालं नाही.
पंगतीतून एखादा उठून जावा
आणि शेजारच्याने मान वर करून बघूही नये.

मेला का, मी हातानेच विचारलं.
"मेलो नाय. वर-खाली करता तिघांबरोबर.
हजेरी लावता. पगार बाकीचे कमावतत."

गेजवर : एकशे दहा, एकशे आठ, चाळीस, एकशे दहा.
तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा : बेचाळीस.
म्हणजे रिंगा नव्हेत.
हे मी वहीत टिपून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं.
मेस्त्रीने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्याचा पिस्टन वर आणून धरला,
गाडी गिअरमध्ये, चाकाखाली जांभ्याचा चिरा,
आणि पंक्चरवाल्याच्या पायपाने
त्याच्या छातीत हवा भरली.
"आता आयक. खयसून जाता ती?"

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी काही नाही.
तेलाच्या झाकणाशी काही नाही.
रेडिएटरच्या पाण्यात एक बुडबुडा नाही.
तिकडे बांगड्याचा लिलाव पेटलेला,
बर्फाच्या लाद्या ट्रकवरून घसरत होत्या,
पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बोंबलत होता.
माझे दोन्ही कान शाबूत
आणि मला नुसतं वेंगुर्ला ऐकू येत होतं.

मेस्त्री मागे गेला.
गुडघे मोजून खाली बसला.
तळवा बालदीत बुडवून
सायलेन्सरच्या नळीपुढे धरला, डोळे मिटले.
बराच वेळ.
मग माझं मनगट ओढून तिथे नेलं.

बारीक, गार, न थांबणारी फुंकर.
निजलेल्या तान्ह्याच्या नाकापुढे
आपण बोट धरून बघतो, तेव्हा लागते तेवढीच.

"एग्झॉस्ट वॉल. तिसऱ्याचो."

हेड उघडलं. व्हॉल्वची कड एका बाजूने खाल्लेली,
बिडावर जरा जास्त राहिलेल्या घावनासारखी.
मी पाटीवर लिहिलं : तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?
मग मला का ऐकायला लावलंत?
न वाचताच त्याने पाटीवरचा ओला बोळा उचलला,
हात पुसले, आणि पाटीही पुसली गेली.

नवा व्हॉल्व कोल्हापुराहून यायला सतरा दिवस.
अठराव्या दिवशी मठच्या चढाला
मेस्त्री माझ्या शेजारी, तळवा डॅशबोर्डवर,
ओठ हलताहेत :
एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन.
तीनपाशी दर खेपेला मान किंचित झुकते,
ओळखीचं कुणी रस्त्यात भेटावं तशी.
वर पोचलो, मी इंजिन बंद केलं.
तो अजून मोजत होता.