उपयोग अज्ञात

निपाणीच्या जुन्या जकात नाक्यात
आता वस्तुसंग्रहालय आहे. दोन खोल्या.
किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत असते.
बाळगोंडा दळण थांबवून येतो,
भुवयांवर ज्वारीचं पीठ,
आणि कुलपाशी थोडा वेळ भांडतो.
तिकीट तीन रुपये.
पाचाची नोट दिली तर दोन रुपयांच्या जागी
श्रीखंडाची गोळी.

पहिल्या खोलीत वीरगळ.
वर चंद्रसूर्य शाबूत,
लढणाऱ्याचं तोंड झिजून सपाट,
गाई मात्र शिंगांसकट ओळखू येतात.
कुणाचा हा दगड, मी विचारलं.
गाईंचा, बाळगोंडा म्हणाला.

मग खानापूरच्या मातीची बरणी, तडा गेलेली.
गोकाकची लाकडी फळं:
केळ, सीताफळ, आणि एक पेरू,
ज्यावर सहलीला आलेल्या कुठल्याशा पोराचे
दात उमटलेत.
पायली, अधोली, शेर, चिपटं,
कोळवं हरवलंय, त्याची चिठ्ठी तेवढी उभी.
मूठ नसलेली तलवार.
सगळे फोटो तिच्यासमोरच काढतात.
भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा,
हद्दीच्या रेघेवर कुणीतरी नख घासत राहिलंय,
तिथं कागदाचा कापूस झालाय.
बाळगोंडा नकाशाबद्दल काही बोलत नाही.
मीही विचारलं नाही.

दुसऱ्या खोलीत वीज नव्हती.
मोबाइलच्या उजेडात काचेची पेटी,
दौत, घोड्याचा नाल,
आणि दोहोंच्या मध्ये
आगपेटीहून जरासा मोठा पत्रा,
एका बाजूला निमुळता, कडा घासून चकचकीत.
वर कन्नड, खाली मराठी, अक्षर एकाच हाताचं:
पत्र्याचा तुकडा. उपयोग अज्ञात.
निदान इथं तरी
दोन्ही भाषांचं एकमत होतं.

मी हसले असणार,
कारण बाळगोंडा म्हणाला, काय झालं ओ?

हा फर्मा, मी म्हणाले.
पानावर ठेवायचा, कडेकडेनं कात्री फिरवायची,
शीर उभी आली पाहिजे,
आडवी आली की बिडी मुकादमाच्या हातात उकलते.
आईच्या अंगठ्याला ह्याच मापाचा घट्टा होता.
दिवसाला हजार वळायची.
त्यातली किती छाट म्हणून बाजूला पडायची
ते मुकादमाच्या मर्जीवर,
आणि छाटही पुढं विकलीच जाते
हे आम्हा पोरांनासुद्धा ठाऊक होतं.
रात्री भिजवलेली पानं गोणपाटात,
आमच्या अंथरुणाला लागून,
गार, जिवंत असल्यासारखी.
माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा.
कुणी नाक मुरडलं नाही,
वर्गातल्या सगळ्याच वह्यांना यायचा.

हे एवढं सगळं मी बोलले की नाही, आठवत नाही.
बहुतेक फर्मा एवढंच म्हणाले.

बाळगोंडा काचेला नाक लावून बघत होता.
आमची अव्वा बी वळत होती की, म्हणाला.
ह्यो पालथा ठेवलाय,
म्हणून वळखला न्हाई.

पेटीची किल्ली बेळगावला, कुठल्याशा साहेबाकडे.
पत्रा सुलटा करता येईना, चिठ्ठी बदलता येईना.
मग त्यानं काचेवरच्या धुळीत
पिठाच्या बोटानं कन्नडमध्ये लिहिलं.
एसटीच्या पाट्या वाचते तसं
एकेक अक्षर जोडत मी वाचलं: फ, र्मा.
बरोबर? त्यानं विचारलं.
बरोबर.
पुढच्या पुसण्यापर्यंत राहील.
पुसायचं काम त्याचंच आहे.

बाहेर गिरणीवर कुणी बाई
त्याच्या नावानं ओरडत होती.
सही करा, म्हणत त्यानं वही पुढं केली नि गेला.
नाव, गाव, अभिप्राय.
आधीच्या पानावर: छान. छान. पिण्याच्या पाण्याची सोय करावी. छान.

मी लिहिलं
यल्लूबाई भैरू घस्ते.
जत्राट वेस.
आणि अभिप्रायाच्या रकान्यात,
पान ओलं असतानाच कापावं.