साप्ताहिक सुट्टी, वढवाणा

डभोईपर्यंत सायकल टेम्पोतून आली,
गवारीच्या पोत्यांवर आडवी,
एक पेडल आभाळाकडे.
तिथून पुढे मी तिच्यावर.

तलावाच्या बांधावर गाडी न्यायची नाही.
साखळी आहे. साखळीशी वेचातभाई तडवी,
कानाला मफलर, पायाशी शेकोटीची राख.
"शिर्केसाहेब, आजे पण रजा?"
आजच तर, म्हटलं.
साखळी तो एवढीच सैल करतो
की पुढचं चाक हातभर उचलावंच लागतं.

सहा दिवस मी मांडवीपाशी उभा असतो, तोंडात शिट्टी.
हात आडवा केला की अर्धं बडोदं थांबतं
(थांबत नाही, पण वहीत तसं लिहायचं असतं).
डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला
तेव्हा पांढरट डागाकडे बोट दाखवून मी म्हणालो,
ही रिक्षा ओळखीची वाटते.
त्या हसल्या नाहीत. सायकल चालवा म्हणाल्या, मोकळ्यावर.

मोकळ्यावर
पहिला मैलभर मी डावीकडूनच जातो.
पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, तरी डावीकडून.
वळताना हात काढतो.
चिखलातला शेकाट्या मान तिरकी करून बघतो;
पाय सिग्नलसारखे लाल,
आणि थांबायचं मात्र कुणासाठीच नाही.

सपाट आहे सगळं, जेवायच्या पाटासारखं.
चढ नाही म्हणून लोकांना सोपं वाटतं.
अहो, उतारही नाही.
पाय थांबले की सायकल थांबते;
सपाटीवर फुकटचं वाणसुद्धा मिळत नाही.
चढ आहे तो वाऱ्याचा.
ओरसंगकडून येतो, छातीवर तळवा टेकवतो,
थेट माझ्यासारखा:
थांब. कागद दाखव.

एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली एरंडाची शेतं.
पाण्याच्या कडेला वर्षानुवर्षांचं गवत
खाली खाली कुजत गेलंय, काळं, लोण्यागत.
काठी घातली तर कोपरापर्यंत आत जाते
आणि वास येतो
दप्तरात भिजलेल्या वह्यांचा.
टिबुकली बुडते. मी मोजतो. अठराला वर येते, भलतीकडेच.

मग राजहंस उठले.
चारपाचशे, एकदम, शिट्टीवाचून.
आडवे, उलटे, एकमेकांच्या पोटाखालून,
आणि एक धडक नाही, एक शिवी नाही.
डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या;
माझ्या बाहीपेक्षा एक कमी.
हिमालयावरून आलेत म्हणे.
यांच्याकडे लायसन मागायला
मी कुठल्या चौकीचा?

पंपघराच्या अलीकडे कासव रस्त्यावर होतं.
तलावाकडून कालव्याकडे निघालेलं,
पाठीवर शेवाळाचा ओला चट्टा.
मी उतरलो. स्टँड लावला.
आणि कळायच्या आत
उजवा हात आडवा, तळवा मागच्या वाहनांना.

मागे सरळ बांध होता,
त्यावर माझ्याच चाकांची दवातली एक रेघ.

कासवानं घाई केली नाही.
मध्यावर येऊन बराच वेळ काही आठवत बसलं.
खांद्यात कळ आली. हात बदलला.
बावीस वर्षं झाली नोकरीला,
या हाताच्या भरवशावर इतक्या निवांत
कुणी रस्ता ओलांडलेला नव्हता.
खरं तर त्यानं हाताकडे पाहिलंही नाही.

परतताना वेचातभाईला सांगितलं.
"ए तो रोज नीकळे छे, नव वागे," तो म्हणाला,
राखेत बटाटा उलटत.
म्हटलं, उद्या नवाला मी मांडवीपाशी असेन,
तू जरा बघशील?
त्यानं बटाटा या हातातून त्या हातात झेलला, फुंकर मारली,
अर्धा मला दिला.
"साहेब, अहीं कोण आववानुं?"

चाक उचललं.
साखळी मागे आपोआप ताठ झाली.